काजूने खाल्लेला अंगठा

मी एक जुनी काजू फोडायची मशीन आहे. माझा जन्म, माझं काम, माझे मानपान हे सगळं मी सांगणारच आहे, पण मित्रांनो, आधी आमच्या मालकाबद्दलची, गुरुप्रसादबद्दलची, माझी तक्रार ऐका. ती पोटातून बाहेर पडल्याशिवाय मला पुढचं काही सुचायचं नाही. ह्या माणसाला कुणाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायचं धाडस नाही. मग त्याने काय करावं? भिंतीवर एक काळी डबी ठोकली, रोज सकाळी तिच्यावर अंगठा टेकवायचा नियम केला, आणि मग तो स्वतः गोड हसायचा नि ‘नाही’ म्हणायचं काम त्या डबीकडून करवून घ्यायचा. मालक कडक असावा, चिकट असला तरी चालेल, आम्ही दोन्ही पाहिलेत. पण आपला नकार दुसऱ्याच्या तोंडात घालणारा मालक मी ह्या जन्मी पहिलाच पाहिला.

डबी लावली त्या दिवशी तिला झेंडूचा हार घातला, अगरबत्ती ओवाळली, पेढे वाटले. माझ्या वाट्याला दसऱ्याला आंब्याचं एक पान येतं, तेही कोणाला आठवलं तर. असो. रडगाणं गाणारी मी नव्हे. आता मुळापासून सांगते.

माझा जन्म कुडाळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बाबली मिस्त्री नावाचा एक हाडकुळा माणूस तिथे लोखंडाची कामं करायचा. त्याने मला चार पाय दिले, खाली पायाने दाबायची पट्टी दिली, उजव्या हाताने ओढायचा दांडा दिला आणि मधोमध दोन पाती समोरासमोर बसवली. ह्या पात्यांतच सगळी मेख आहे. काजूची बी वाकडी, तशी पातीही वाकडी लागतात. कमी वाकली तर आतला गर चिरतो, जास्त वाकली तर टरफल नुसतं चेपतं. बाबली मिस्त्री घरच्या झाडाच्या मूठभर बिया खिशात घेऊन बसायचा. एक बी पात्यात धरायचा, दांडा ओढायचा, गर बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा कानस घेऊन बसायचा. त्याची बायको जेवायला हाका मारून थकायची.

शेवटी एक गर अख्खा, दुधासारखा पांढरा, सुटून त्याच्या तळहातावर पडला. तो त्याने तोंडात टाकला आणि मला म्हणाला, “टरफलाक मारतलंस, गराक नाय. ह्यां ध्यानात ठेव.”

मी ठेवलंय. माझ्या अंगावर कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, पण एवढा एक संस्कार आहे. तो भल्याभल्या शिकलेल्यांवर नसतो.

मला विकत घेतलं ते आनंदीबाईंनी. कसालच्या बाजारातून आत वळणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. यजमान शाळेत मास्तर. गावात बायकांनी शिवणकाम करावं, पापड लाटावे, इथवर लोकांची मजल होती. आनंदीबाई टेम्पोतून एक लोखंडाची मशीन घेऊन उतरल्या तेव्हा शेजारी-पाजारी हसले. आनंदीबाईंनी हसणाऱ्यांची नावं लक्षात ठेवली आणि मला गोठ्याच्या शेजारच्या पडवीत उभं केलं.

पहिली कित्येक वर्षं त्या स्वतः माझ्यासमोर बसायच्या. मदतीला खालच्या वाडीतून राधाबाई यायची. राधाबाई तेव्हा नवीन लग्न झालेली, बोलायची कमी, हसायची त्याहून कमी, पण एकदा हातात घेतलेलं सोडायची नाही. दोघी आळीपाळीने बसत. एकीने बी पात्यात धरायची, दांडा ओढायचा, पट्टी दाबायची, टरफल उघडायचं. दुसरीने सुईच्या टोकाने गर अलगद काढायचा. दुपारी जागा बदलायच्या. बसायचं एक पिंप होतं पालथं घातलेलं. त्यावर कोण मालकीण आणि कोण कामवाली, हे मला पिंपाकडे बघून कधीच सांगता आलं नसतं.

आता मित्रांनो, तुम्ही काजू खाता, तेव्हा तो कुठल्या घरातून बाहेर आलाय हे तुम्हाला माहीत नसतं. काजूच्या टरफलात काळं, चिकट तेल असतं. आम्ही त्याला चीक म्हणतो. तो हाताला लागला की कातडी जळते. आधी काळी पडते, मग तिचे पापुद्रे निघतात, मग खालून नवी येते, मऊ आणि गुळगुळीत. तिलाही चीक लागतो. असं वर्षानुवर्षं झालं की बोटांवरच्या रेषा परत उगवायचं सोडूनच देतात. दोघी हाताला खोबरेल चोळायच्या, वरून चुलीतली राख लावायच्या. तेवढ्याने जळजळ कमी व्हायची. रेषा मात्र गेल्या त्या गेल्याच.

माझे ते दिवस वैभवाचे होते. वेंगुर्ल्याचे एक व्यापारी आमचा माल बघायला आले. त्यांनी सुपातले गर हातात घेतले आणि विचारलं, “एवढे अख्खे? कुठली मशीन वापरता?” आनंदीबाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि मग राधाबाईकडे. पडवीची शेड झाली. शेडीत माझ्यासारख्या आणखी मशीनी आल्या, उकडायची टाकी आली, वाळवायची भट्टी आली, पंधरा-वीस बाया कामाला येऊ लागल्या. नवीन बाई आली की तिला पहिले आठ दिवस माझ्यासमोर बसवत. थोरल्या जावेच्या हाताखाली नवी सून द्यावी तसं.

मग मास्तर गेले. आनंदीबाईंचे गुडघे गेले. आणि गुरुप्रसाद आला.

गुरुप्रसाद त्यांचा एकुलता एक. शिकलेला, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. वाईट मुलगा नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. पण त्याला सगळं पटकन व्हायला हवं असतं. त्याने विजेवर चालणारी मोठी मशीन आणली आणि मला उचलून भिंतीकडेला ठेवलं. माझ्यावर पोती टाकली. एक कोंबडी रोज त्या पोत्यांवर अंडं घालायला यायची आणि घातल्यावर अख्ख्या शेडीला सांगत सुटायची. मला काय वाटलं असेल ते बोलत नाही.

पण मोठ्या मशीनला गावठी बारीक बी जमेना. ती टरफलासकट गराचाही चुरा करायची. महिनाभर चुरा बघून गुरुप्रसादने पोती काढायला लावली. माफी कोणी मागितली नाही. तेल मात्र घातलं. तीच माफी समजून मी कामाला लागले आणि माझ्यासमोर पुन्हा राधाबाई येऊन बसली. आता तिचे केस पांढरे होते.

कायद्याचं म्हणाल तर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. जे कळलं ते चारुताच्या बोलण्यावरून कळलं. चारुता कणकवलीची, कराचा सल्ला देणारी. महिन्यातून एकदा स्कूटीवरून यायची आणि पंखा माझ्या डोक्यावर असल्यामुळे माझ्याच शेजारी उभी राहून गुरुप्रसादला सरकारने काय नवं केलं ते सांगायची. गुरुप्रसाद एक डोळा तिच्याकडे आणि एक डोळा फोनमध्ये ठेवून ऐकायचा.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास ती आली ती हसतच. भाजलेल्या, खारवलेल्या काजूवरचा कर बारा टक्क्यांवरून पाचावर आला होता. ते ऐकून गुरुप्रसादचे दोन्ही डोळे फोनमधून बाहेर आले. आजवर आम्ही साधे गर विकायचो. आता आपणच भाजायचे, मसाला लावायचा, पाकिटं करायची, असं त्याच्या मनाने घेतलं. त्यासाठी नवी कंपनी काढायची आणि ती आईच्या नावावर काढायची, कारण बाईच्या नावावर धंदा असला की सवलती मिळतात. त्याच संध्याकाळी त्याने पाकिटावरच्या चित्राचाही विचार करून ठेवला.

दिवाळी झाल्यावर चारुता पुन्हा आली. ह्या खेपेला ती गंभीर होती. कामगारांचे जुने कायदे गोळा करून सरकारने चार नवे केले होते आणि ते लागू झाले होते. “दादा, मुख्य गोष्ट लक्षात ठेवा,” ती म्हणाली, “काम करणाऱ्या प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं. कोण, कुठलं काम, किती पगार, सगळं लेखी. चाळिशीच्या पुढच्यांची वर्षातून एकदा मोफत तपासणी. बाकीचे नियम जसे येतील तसे सांगते.”

गुरुप्रसाद म्हणाला, “हं.” तेवढ्यात त्याला फोन आला.

माझ्यासमोर बसलेल्या राधाबाईचा हात मात्र दांड्यावर थांबला होता.

त्या दिवशी दुपारी भाकरी खाताना किशोरी तिला म्हणाली, “काय गो राधाक्का, कागद खाऊक मिळता काय?” किशोरी आमच्यातली सगळ्यात तरुण आणि सगळ्यात तोंडाळ. मला आवडते ती.

राधाबाई म्हणाली, “खाऊक नाय मिळणा. पण बँकेच्या कागदार माझ्या नावाफुडे काय लिवला आसा, म्हायत आसा? गृहिणी. दवाखान्यात गेलंय, थंय पण गृहिणी. सकाळी सूर्य उगवूच्या आधी मी हंय येतंय. घरात मी कधी होतंय गो?”

किशोरीने आपली चटणी तिच्यापुढे सरकवली.

मग ती डबी आली. गुरुप्रसादने सगळ्यांना उभं करून सांगितलं, की आता हजेरी ह्याच्यावर. जिची महिनाभर हजेरी ह्याच्यावर लागेल तिला नियुक्तीपत्र मिळेल. “सगळं पारदर्शक,” असं म्हणाला. बायांनी रांग लावली. किशोरीचा अंगठा लागला, बाकीच्या पोरींचे लागले. राधाबाईने अंगठा टेकवला. डबी बाईच्या आवाजात म्हणाली, “प्लीज ट्राय अगेन.” पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. मागून हौसाबाई आली आणि तिच्या मागून विमला. तिघीही जुन्या आणि तिघींनाही तेच उत्तर.

“काय म्हणता ती?” हौसाबाईने विचारलं.

“परत फिरा म्हणता,” किशोरी म्हणाली.

राधाबाई परत फिरणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती हात साबणाने घासून आली. तिसऱ्या दिवशी लिंबू चोळून आली. मग खोबरेल, मग चुना, मग कोणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट. डबी आपली एकच धून लावून बसलेली. त्यात विमलाच्या डोक्यात अक्कल आली. “तांब्याचो हंडो कोकमान चकचकता, मगे अंगठो कित्याक नाय चकचकूचो?”

झालं. तिघींनी घरून वाटीभर आगळ आणला. आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट आंबट रस, सोलकढीत घालतात तो. त्यात अंगठे बुडवले, नारळाच्या शेंडीने खसाखसा घासले आणि तसेच ओले, लालबुंद अंगठे नेऊन डबीच्या काचेवर दाबले. एकदा नव्हे, प्रत्येकीने चार-चारदा. आगळ काचेवरून ओघळला आणि कडेच्या फटीतून आत गेला. डबी ‘प्लीज’पर्यंत बोलली आणि गप्प झाली. मागे उभ्या असलेल्या एकीचीही हजेरी त्या दिवशी लागली नाही.

“अरे देवा! तिका सोलकढी पाजलास काय गो?” किशोरी हसून हसून खाली बसली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. पण हसण्यासारखं तेवढंच होतं.

गुरुप्रसाद आला. ओरडला नाही. तो कधीच ओरडत नाही. काच फडक्याने पुसत, गोड आवाजात म्हणाला, “राधाक्का, माझ्या मनात काय नाय हां. मी द्यायला तयार आहे. पण मशीनच नाही म्हणते, त्याला मी काय करू? तुम्ही काम करा, मजुरी मिळतेच आहे. कागदाचं डोक्यातून काढा.”

“नाय काढणा,” राधाबाई म्हणाली.

“काय?”

“डोक्यातसून काढणा नाय. उद्या परत लावतलंय.”

डबी दुरुस्त होऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून राधाबाई रोज सकाळी अंगठा लावत राहिली. कोरडा अंगठा, आगळाशिवाय. “प्लीज ट्राय अगेन” ऐकायची, पदर खोचायची आणि माझ्यासमोर येऊन बसायची. शिमगा आला, गेला. झाडांना काजू लागले, नवी बी यायला लागली, पोत्यांनी शेड भरली. तिघींखेरीज सगळ्यांना नियुक्तीपत्रं मिळाली. तालुक्याहून डॉक्टरीण तपासणीला आली, तेव्हा कागदवाल्या बायांना बोलावलं आणि ह्या तिघी टरफलं भरत बसल्या. हौसाबाई त्या दिवशी खूप खोकत होती. मी ते ऐकत होते. गुरुप्रसादही ऐकत होता. त्याने रेडिओ लावला.

हे सगळं आनंदीबाईंना ठाऊक नव्हतं. गुडघ्यांमुळे त्या घरातच असायच्या, आणि त्यांना त्रास नको म्हणून शेडीतलं काही सांगायचं नाही, अशी गुरुप्रसादची ताकीद होती. आईची काळजीही तो अशी सोयीने घ्यायचा.

आणि मग नव्या कंपनीची वेळ आली. कराच्या खात्यात नवीन नोंदणी करायची तर मालकाने सेवा केंद्रावर जाऊन बोटं लावायची, असा हल्लीचा नियम. मालक म्हणजे आनंदीबाई. चारुताने वेळ घेतली, गुरुप्रसादने गाडी काढली, आईला नवी साडी नेसायला लावली. तिघं सकाळी गेली आणि उन्हं चढल्यावर परत आली. गाडी घराकडे न वळता थेट शेडीसमोर थांबली.

आनंदीबाई काठी टेकत आत आल्या. किती वर्षांनी आल्या! बाया उठून उभ्या राहिल्या. मोठी मशीन कोणीतरी बंद केली.

“आये, घरात चल. उनातसून इलंस,” गुरुप्रसाद मागून म्हणाला.

“सर बाजूक,” आनंदीबाई म्हणाल्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला. “राधा, बस गो. उभी कित्याक रवलंस? आज काय झाला सांगतंय तुका. थंय माझी धाय बोटां लावूक लावली. एक पण नाय लागला. थंयचो पोरगो म्हणता, आजी, तुमच्या बोटांर रेषाच नाय. मी म्हटलंय, रेषा काजीन खाल्ली रे बाबा. तो हसलो. त्याका वाटला, मी मस्करी करतंय.”

“काकी, काळजी करू नका,” चारुता म्हणाली, “तिथे डोळ्यांवरूनही ओळख पटवता येते. आज त्यांचं ते यंत्र बंद होतं. उद्या जाऊ.”

इतक्यात किशोरीला राहवलं नाही. “पण काकी, आमच्या मालकांच्या नियमान बगलास तर तुमी मालकीण नाय. अंगठो लागणा नाय, म्हणजे कागद नाय.”

आनंदीबाई किशोरीकडे वळल्या.

“खयचो नियम?” आनंदीबाईंनी विचारलं.

गुरुप्रसाद शर्टाची बाही नीट करत होता.

“राधा, तू सांग.”

राधाबाईने तक्रारीचा सूर लावला नाही. पोत्यात किती बी आहे हे सांगावं तसं सांगितलं. “वयनी, माझो, हौसाचो नि विमलाचो अंगठो त्या डबयेर लागणा नाय. म्हणान आमका तिघींका नेमणुकेचो कागद नाय. तपासणी पण नाय. बाकी काय नाय.”

आनंदीबाई काठी टेकत भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी डबीवर अंगठा दाबला.

“प्लीज ट्राय अगेन.”

त्या वळल्या. “गुरू, ह्या काय?”

“आये, तुझी गोष्ट वेगळी. तू मालकीण आसस.”

“एका पिंपार बसान आमी दोघींनी बी फोडली. तिच्या अंगठ्याक काय झाला नि माझ्या अंगठ्याक काय झाला, सांग. वेगळा काय झाला?”

“अगो, जुन्या बायांना कागद दिला की मागचं सगळं अंगावर येतं. नोकरी कधीपासून धरायची, ग्रॅच्युइटीचं काय... तुला ते नाही कळायचं.”

“माका कळना नाय?” आनंदीबाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. तो उतरला की पूर्वी व्यापारी भाव वाढवून द्यायचे. “मगे तुझ्या कंपनीक माझा नाव कित्याक व्हया?”

गुरुप्रसादने चारुताकडे बघितलं. बुडत्याने काठाकडे बघावं तसं. “चारुता, कायद्यात काय आहे ते सांग आईला.”

“कायदा म्हणतो, काम करणाऱ्या प्रत्येकाला,” चारुता म्हणाली. “अंगठ्याचा त्यात शब्द नाही. हजेरी कशी घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवायचं. सही घ्या, नाहीतर नुसतं नाव पुकारा. हे मी दिवाळीनंतरच सांगितलं होतं, दादा. तुम्ही फोनवर होता.”

“ऐकलंस?” आनंदीबाई म्हणाल्या. “आता माझा ऐक. उद्या डोळे दाखवूक मी येतलंय. पण आधी राधेच्या हातात कागद. तो नसलो तर मी थंय येतलंय, खुर्चेर बसतलंय, पण डोळे काय उघडूचंय नाय. मगे तू तुझे काजू भाज नायतर उकड.”

गुरुप्रसादने घाम पुसला. “बरं. राधाक्काचा आज करतो. झालं?”

मला वाटलं, झालं. सगळ्यांनाच वाटलं. पण राधाबाईने माझ्या दांड्यावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. चालू दिवसात, समोर बी असताना, तिने हात काढलेला मी कधी पाहिला नव्हता.

“माझ्या एकटेचो नको,” ती म्हणाली. “हौसाचो नि विमलाचो पण. तिघींचो एकदम.”

“आता अटी तुम्ही घालणार?”

“होय,” राधाबाई म्हणाली. “इतके दिस डबी घालत होती. आता मी घालतंय.”

किशोरीने शिट्टी मारली असती, पण आनंदीबाईंचा धाक होता.

गुरुप्रसादने आईकडे पाहिलं, राधाबाईच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं आणि खरं सांगते, त्या हातांकडे त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. मग तो खाली बघत म्हणाला, “चारुता, तिघींचं कर.”

चारुताने तिथेच पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवला. आतून तीन कागद छापून आणले. गुरुप्रसादने सही केली. राधाबाईच्या कागदावर कामाचं नाव होतं: काजू फोडणी कामगार. खाली तिने शाईत अंगठा बुडवून उठवला. त्यात एक रेष नव्हती. पिकल्या करवंदाएवढा काळाभोर ठिपका फक्त. “चालतला मा?” तिने विचारलं. चारुता म्हणाली, “चालेल. शेजारी साक्षीदाराची सही घेऊ.” आनंदीबाईंनी पेन मागून घेतलं आणि आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं. राधाबाईने किशोरीकडून तो कागद दोनदा वाचून घेतला. ‘काजू फोडणी कामगार’ आलं की दोन्ही वेळा ती मान डोलवायची.

“पुढल्या तपासणीची वाट बगूची नाय,” आनंदीबाई लेकाला म्हणाल्या. “हौसाक उद्याच दाखवूक ने. माझ्या डोळ्यांच्या आधी तिची छाती.” आणि मग माझ्यासमोरच्या स्टुलाकडे काठी दाखवून म्हणाल्या, “आता तू बस हंय.”

“मी?”

“होय, तूच. एक टोपली फोड. हातमोजे न घालता.”

मित्रांनो, माझ्यासारखी लोखंडाची बाई तुम्हाला काय शिकवणार? मशीनला तेल घाला, हे मी न सांगताही तुम्ही घालाल, कारण मशीन बंद पडली की दुसऱ्या क्षणी कळतं. माणूस आतून बंद पडत असतो तेव्हा फक्त थोडा खोकला ऐकू येतो, आणि रेडिओ लावला तर तोही नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी दुकान काढेल, कोणी कारखाना. नवा कायदा आला की तो नीट ऐका, फोन खाली ठेवून ऐका. नाही कळला तर विचारा, त्यात लाज नाही. पण त्याच्या आडून किंवा भिंतीवरच्या डबीच्या आडून कुणाला नकार देऊ नका. द्यायचाच असला तर समोर उभं राहून, आपल्या तोंडाने द्या. आणि त्याआधी त्या माणसाचा हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा. आमच्या शेडीत आता हजेरी नाव पुकारून घेतात. हातमोजे चांगल्या जातीचे आले आहेत. राधाबाई त्यांच्यावर कुरकुर करते, पण घालते.

त्या दुपारी मात्र हातमोज्यांशिवाय गुरुप्रसाद माझ्यासमोर बसला होता. इस्त्रीच्या बाह्या वर, पाय अवघडलेले. त्याने पहिली बी पात्यात धरली आणि दांडा ओढला. बी निसटली. दुसरी फुटली ती गरासकट. तिसरीचा चीक उडून त्याच्या अंगठ्याला लागला. त्याने हात झटकला, पुसायला फडकं शोधलं, मिळालं नाही. उठेल असं मला वाटलं. तो उठला नाही. त्याने चौथी बी घेतली, जीभ दातांत धरली आणि पट्टी दाबली. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा माझ्या एवढा जवळ आला होता, मग मीही संधी सोडली नाही. माझे सगळे सांधे करकरले आणि मी त्याला मोठ्याने सांगितलं:

“कच्चो आसस रे गुरू, पण किडको नाय. गप बस नि पाय मार.”